माझी न मरणारी ढालवाली

मरायचं नाही, एवढंच मी ठरवलं होतं. बाकी त्या खेळातलं मला काही कळत नव्हतं आणि समजून घ्यायची हौसही नव्हती. पण दिराने टेबलापलीकडून, पेन कानावर अडकवून सांगितलं, "वहिनी, तू हीलर घे. एकदम इझी. मागे उभं राहायचं आणि सगळ्यांच्या जखमा भरायच्या," आणि माझं डोकं फिरलं. लग्नाला चार महिने झाले होते. रोज सकाळी साडेपाचला उठून मी दुसरं काय करत होते?

"ते घरी करतेच आहे," मी म्हणाले. "इथे मला पुढे उभं राहायचंय. आणि पडायचं नाहीये."

दीर हसला. नवरा खाली बघून पेन्सिलीला टोक काढायला लागला. घरात कुठेही ठिणगी पडली की त्याला असंच काहीतरी काम आठवायचं. एकटी नणंद टेबलावर थाप मारून म्हणाली, "दे रे तिला ढाल! बिल्कुल दे!" त्या टेबलाशी माझ्यासाठी खुर्ची ओढली होती तीही तिनेच. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात नुकसान तिचंच झालं, आणि ते माझ्यामुळे.

माझं सासर करोल बागेत, गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांवर, तिसऱ्या मजल्यावर. सासऱ्यांचे वडील नोकरीसाठी दिल्लीला आले ते इथलेच झाले. मी सांगलीची. परीक्षा देऊन केंद्र सरकारात लागले, दिल्लीत पोस्टिंग मिळालं, कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या एका कचेरीत बसायला लागले, आणि मुलगी आयतीच दिल्लीत आहे म्हटल्यावर स्थळ चालून आलं. माणसं वाईट नव्हती. पण त्यांचं आपापसात इतकं जमलेलं होतं की सहाव्या माणसाला शिरायला फट नव्हती. निम्मं बोलणं हिंदीत, निम्मं अर्ध्या वाक्यांत, आणि हसायचं कशाला ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. मी "कोथिंबीर निवडून ठेवलीय" म्हटलं तरी दीर म्हणायचा, "वहिनी काय प्युअर बोलते यार!" चार महिने हे कौतुक ऐकून माझे कान किटले होते.

खेळ असा. एक जण गोष्ट सांगतो. जंगल, किल्ला, राक्षस, ऊन-पाऊस, सगळं तोच. तो अर्थातच दीर. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र चालवतात. पात्राची ताकद, अक्कल, शस्त्रं, सगळं एका कागदावर आकड्यांत मांडलेलं असतं, आणि एखादी गोष्ट जमली की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. रविवारी दुपारची जेवणं झाली की हे लोक टेबलावर चौकटींचा मोठा कागद पसरायचे. बारीकसारीक शत्रूंच्या जागी कच्च्या राजम्याचे दाणे, मोठ्या राक्षसाच्या जागी सासूबाईंच्या खलबत्त्यातला बत्ता. आमच्या जागी शर्टाची बटणं.

तिघं भावंडं शाळेत असल्यापासून हे चाललं होतं, आणि त्यांचा एक घरचा कायदा होता. मेला तो मेला. ज्याचं पात्र मरेल त्याने आपल्या हाताने आपला कागद फाडायचा, आणि ती गोष्ट संपेपर्यंत टेबलाशी बसायचं नाही. नवऱ्याने आजवर सात कागद फाडले होते. नणंदेने एकही नाही. तिची जादूगारीण तिने पंधराव्या वर्षी बनवली होती, तीच अजून चालू होती. अकरा वर्षं खोडून खोडून तो कागद कापसासारखा मऊ झाला होता, घड्यांना चिकटपट्ट्या होत्या, आणि कोपऱ्यात जादूगारणीचं चित्र होतं, शाळेतल्या मुलीने काढावं तसं, डोळे नको इतके मोठे.

मी नियमांचं पुस्तक घरी वाचलं नाही, कचेरीत डबा खाताना वाचलं. तीनशे पानांची झेरॉक्स, स्पायरल घातलेली, नणंदेने दिलेली. सेवानियम वाचतात तशी वाचली. पानापानाला चिठ्ठ्या लावल्या. आमच्या सेक्शनमध्ये साहेब चुका करायचे आणि खुलासा खालच्यांकडून मागायचे, त्यामुळे पहिल्या वर्षातच मला एक अक्कल आली होती: तोंडी काही करायचं नाही, आणि प्रत्येक कागदावर आपल्याला पुरेल एवढं पांघरूण आधी घेऊन ठेवायचं. त्याच अकलेने मी पात्र बांधलं.

आकडे वाटायचे असतात सहा गुणांत. मी सगळ्यात मोठा आकडा काटकपणाला दिला. काटकपणा म्हणजे काय हे दिराला समजावून सांगावं लागलं. तो म्हणाला, "अच्छा, स्टॅमिना!" दुसरा मोठा ताकदीला. बुद्धीला सगळ्यात लहान. "वहिनी, ही तर एकदम ढ झाली," दीर म्हणाला. होऊ दे. हुशार माणसांचं काय होतं ते मी कचेरीत बघत होते. जमात घेतली खाणीत राहणाऱ्या बुटक्यांची, कारण त्यांना विष कमी चढतं. तलवार घेतली नाही, दोन हातांची कुऱ्हाड तर नाहीच, कारण मग ढालीला हात उरत नाही. एका हातात हातोडा, दुसऱ्या हातात ढाल, अंगभर पोलादी चिलखत. हळू चालेल, चालताना डबे वाजतील तसा आवाज होईल, लपता येणार नाही. लपायचंच नव्हतं मला. जिंकलेला पैसाअडका बाकीचे जादूच्या अंगठ्यांवर उडवायचे, मी शिरस्त्राण घ्यायचे. पात्राची पायरी चढली की बाकीचे नवीन हल्ले शिकायचे, मी जखम झाल्यावर दम खाऊन पुन्हा उभं राहणं शिकले.

वर्षभरात असं झालं की शत्रूचा घाव मला लागायचा तर वीस बाजूंच्या फाशावर एकवीस पडायला हवेत, म्हणजे अशक्यच, नाहीतर नियमाने कधीच न चुकणारं थेट वीसचं दान. माझ्या जीवाचे पॉइंट नव्वदच्या वर, नणंदेच्या जादूगारणीचे जेमतेम एकोणीस. घरात सगळे माझ्या पात्राला 'ढालवाली' म्हणायचे.

दिराला ती डोळ्यांत खुपायची. त्याने तिच्यावर काय नाही सोडलं? तेजाब, भुतं, तापलेलं तेल. एकदा पूल तोडून चिलखतासकट नदीत टाकलं आणि हात झटकून म्हणाला, "वहिनी, सॉरी हां. लोखंड घालून कोण पोहतं?" मी चिठ्ठी लावलेलं पान उघडलं. श्वास किती वेळ धरता येतो ते काटकपणावर ठरतं. माझी ढालवाली पोहली नाही. ती नदीच्या तळावरून चालत पलीकडे गेली. नणंद खुर्चीवरून पडायची बाकी राहिली हसून. दिराचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं, आणि मला, खोटं कशाला बोलू, कचेरीत प्रमोशन झालं तेव्हाही इतकं बरं वाटलं नव्हतं.

मग तो लबाडी करायला लागला. बाण लागायचा, मी पॉइंट कमी करायचे, आणि मग याला आठवायचं, "अरे हो, तो विषारी होता." माझा घाव बसायचा आणि मग, "अरे हो, त्याच्या अंगावर कवच आहे." एका रविवारी मी फासा मुठीत धरून बसले. म्हटलं, आधी बोलायचं. फासा पडल्यावर आठवलेलं काही चालणार नाही.

"चिल ना वहिनी. गेम आहे यार."

"गेम आहे म्हणूनच. लिहून काढू."

आणि लिहून काढलं. दुसऱ्या कुठल्या घरात याला वेड म्हटलं असतं. हे तीन पिढ्यांचं सरकारी घर. मी मसुदा केला: 'फासा टाकण्यापूर्वी जे बोललं जाईल तेवढंच ग्राह्य धरलं जाईल.' सासरे सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले. दीड वर्षात ते त्या टेबलापाशी कधी फिरकले नव्हते, पण मसुदा म्हटल्यावर चष्मा लावून आले. वाचून म्हणाले, "‘अपवाद नाही’ हे घाला. नाहीतर उद्या प्रत्येक जण अपवाद मागेल." घातलं. चौघांनी सह्या केल्या, दोन प्रतींत. एक माझ्याकडे, एक फ्रिजवर लोहचुंबकाने लावली. सही करताना दिराने पेन कागदात रुतवलं. मी जिंकले होते, आणि ते त्याला कळावं म्हणून मी फ्रिजवरचा कागद सरळ करून आले.

त्याच सुमारास नणंदेला कॅनडातली नोकरी लागली. मार्चमध्ये जायचं होतं. तिचं म्हणणं एकच होतं: जायच्या आधी ही गोष्ट पुरी करायची, आणि जादूगारणीला जिवंत बाहेर काढायचं. मग ती तिला निवृत्त करणार होती. एका मनोऱ्यात शाळा काढून देणार होती. त्या शाळेचा नकाशाही तिने काढून ठेवला होता, स्वयंपाकघर कुठे, पोरांची अंथरुणं कुठे, सगळं. सव्वीस वर्षांची मुलगी हे सांगताना लाजत नव्हती. "बाकी सगळं इथेच सोडायचंय वहिनी," एकदा ती भांडी पुसता पुसता म्हणाली. "ही एक तरी धड नेते."

मग म्हणाली, "तुझी ढाल माझ्यापुढे धरता येते, माहितीये ना? पुस्तकात आहे. शेजारच्या चौकटीतल्या माणसावरचा घाव तू अंगावर घेऊ शकतेस. फेरीत एकदा."

माहीत होतं. त्या पानालाही चिठ्ठी होती. पण फेरीत एकदाच म्हणजे तिच्यासाठी वापरली की त्या फेरीत माझ्यासाठी उरणार नाही. दीड वर्षात मी ती कधी कोणासाठी वापरली नव्हती. "बघू," मी म्हणाले.

शेवटच्या रविवारच्या आदल्या दिवशी तिच्या निरोपाचं जेवण होतं. काका, आत्या, शेजारचे, बारा-पंधरा पानं. मी सकाळपासून उभी. पानावर बसल्यावर कोणीतरी मीठ मागितलं, तर नणंद म्हणाली, "थांबा, असं नाही मिळणार! आमच्या वहिनीकडे मीठ मागायचं तर अर्ज करावा लागतो. दोन प्रतींत. मग ती म्हणणार..." आणि तिने मान तिरकी करून, चष्मा नाकावर ओढून, माझा आवाज काढला. "'कृपया नियम पाहावा.'" हुबेहूब काढला. सगळे खो खो हसले. आत्याला ठसका लागला. नवरा हसला, आणि तो हसला हे मला फार लागलं. मीही हसले, मीठ वाढलं, आणि आत जाऊन ओट्याशी उगीचच उभी राहिले. दीर रोज बोलायचा ते अंगावरून जायचं. ती बोलली ते आत गेलं.

रविवारी दुपारी शेवटची लढाई मांडली. गॅलरीतून ऊन टेबलापर्यंत आलेलं. मधोमध बत्ता, चौफेर राजमा. नवऱ्याचा चोर लांब जिन्यावर. जादूगारीण माझ्या शेजारच्या चौकटीत, मुद्दाम, मला अगदी चिकटून. तिचे एकोणीसातले अकरा उरलेले. माझे ऐंशीच्या आत आलेलेच नव्हते, कारण दीर आता शहाणा झाला होता. माझ्याकडे तो बघतच नव्हता. "ढालवालीला कोण मारतं?" प्रत्येक फेरीला तो म्हणायचा. "तिच्यावर बाण वाया." राजम्याचे दाणे माझ्या बाजूने निघून नवऱ्यावर जात होते. वर्षभर खपून मी अशी बाई उभी केली होती जिच्याशी लढायची कोणाला गरजच नव्हती, आणि ते मला त्या दुपारी कळलं.

मग दिराने बत्ता उचलून दोन घरं पुढे ठेवला. "राक्षस जादूगारणीकडे वळला," तो म्हणाला. "हात वर केला." आणि फासा मुठीत घेऊन हलवायला लागला.

तो नेहमी दोनदा हलवून टाकायचा. त्या दिवशी हलवतच राहिला. हलवता हलवता त्याने माझ्याकडे पाहिलं. नणंदेनेही पाहिलं. तिला वाटलं असावं की सांगायची गरज नाही. मला फक्त 'ढाल' म्हणायचं होतं. दोन अक्षरं. माझ्या कानात काल रात्रीचं हसणं होतं, आणि मनात आलं, बघू दे जरा हिलाही, मागून मिळत नाही म्हणजे काय ते.

फासा पडला आणि घाव बसला. एकोणीस.

तेव्हा मी ओरडले. "ढाल! माझी ढाल मध्ये!" चांगली मोठ्याने ओरडले, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. उशीर झालाय हे मला ठाऊक होतं. म्हणूनच ओरडले.

मला वाटलं दीर आता हसणार, फ्रिजकडे बोट दाखवणार, वर्षभराचं उट्टं काढणार. तसं झालं असतं तर मी सुटले असते. पण तो हसला नाही. त्याने घाव किती बसला त्याचे फासे टाकलेच नाहीत. हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, तो तुझा रूल आहे. तू बोल. तू म्हणालीस ना, की जाऊ दे, तर मी धरतो ढाल. मला काही प्रॉब्लेम नाही."

"अरे धर ना यार," नवरा म्हणाला. "शेवटचा गेम आहे तिचा."

नणंद माझ्याकडे बघत होती. कागदावर तळहात ठेवून बसली होती, झाकल्यासारखा.

'जाऊ दे' एवढंच म्हणायचं होतं. पण म्हटलं असतं तर दीड वर्ष ज्याच्याशी भांडले त्याच्याकडून ते मागून घेतल्यासारखं झालं असतं, सगळ्यांसमोर, कालच्या त्या हसण्यानंतर. आणि दिराचा तो समजूतदार आवाज! शत्रूने कधी चांगलं वागू नये, आपल्याला बोलायला तोंड राहत नाही. मी म्हणाले, "सह्या केल्यात सगळ्यांनी. अपवाद नाही असं लिहिलंय."

दिराने दोन फासे टाकले. अकरा पुरले असते, चौदा आले.

"बरोबर आहे तिचं," नणंद म्हणाली. कागद तिने फाडला. तो इतका मऊ होता की फाडताना आवाजसुद्धा झाला नाही. मग कायद्याप्रमाणे ती खुर्चीवरून उठली आणि आत जाऊन आईबरोबर बॅगा भरायला बसली. मागे माझी ढालवाली उरली होती. मी खेळले. राक्षस मारायला मला पाऊण तास लागला, त्यात माझे एकूण नऊ पॉइंट गेले. राज्य वाचलं. दिराने शेवट वाचून दाखवला, दोन वाक्यांत, आणि राजमा बरणीत भरला.

मार्चमध्ये ती गेली. विमानतळावर तिने मला मिठी मारली, तीही घट्ट, आणि म्हणाली, "वहिनी, ते मनाला लावून घेऊ नकोस. तुला सुचायला उशीर झाला, होतं असं." मी मान हलवली. सुचायला उशीर झाला नव्हता हे मी तिला सांगितलं नाही. इतक्या वर्षांत कोणालाच नाही.

दोन-तीन महिन्यांनी, एका रविवारी, दिराने चौकटींचा कागद पुन्हा पसरला. नवीन गोष्ट काढू, म्हणाला. वरच्या मजल्यावरची एक मुलगी यायला तयार होती, तिने पुढच्या वेळेपासून येते म्हणून सांगितलं. मी विचारलं, नवीन पात्र करू का? "कशाला?" दीर म्हणाला. "तुझी तर जिवंत आहे ना." टोमणा नव्हता, खरंच सांगत होता. ढालवाली जिवंत होती, धडधाकट होती, तिच्या कागदाला एक घडीसुद्धा पडलेली नव्हती. मी माझं बटण कागदावरच्या दरवाज्यापाशी ठेवलं.

नवऱ्याने बराच वेळ आपलं बटण बोटांत फिरवलं. दुबळा चोर, नेहमीसारखाच, चिलखत नाही, पॉइंट चौदा. अशाने ढालवाल्याला चिकटून उभं राहावं हे शाळकरी पोरालाही कळतं. त्याने बटण माझ्यापासून सहा घरं लांब, भिंतीशी ठेवलं.

"इतक्या लांब?" मी विचारलं.

"इथे बरं आहे," तो म्हणाला, आणि पेन्सिलीला टोक काढायच्या ऐवजी त्या दिवशी सरळ माझ्याकडे बघत बसला.